हरभऱ्याची चोच

कनेरगाव नाक्यावर वाशीमकडं तोंड करून उभं राहिलं, की ढाब्यांच्या मागून एक पांदण खाली उतरते. बाभळी संपल्या की तांडा लागतो. या तांड्याचं एक बरं होतं, घरातलं भांडण कचेरीत जात नसे. ते नायकाच्या ओट्यावर यायचं, आणि ओट्यावर सुटलं नाही तर मातीत सुटायचं.

मातीत म्हणजे असं. दोघा भावांची वाटणी निघाली की शेताचे दोन वाटे पाडायचे. तांड्यातल्या सगळ्यात जुन्या बाईनं काळ्या मातीचे दोन सारखे गोळे वळायचे, एकाच्या पोटात ज्वारीचा दाणा, दुसऱ्याच्या पोटात हरभऱ्याचा. कोणता दाणा कोणत्या वाट्याचा, ते आधीच चारचौघांत बोलून ठेवायचं. गोळे रुंद तोंडाच्या मडक्यात टाकायचे, वर फडकं झाकायचं, आणि फडक्याखालून हात घालून एकानं एक गोळा काढायचा. तो पाण्याच्या परातीत सोडला की माती विरघळते, दाणा उघडा पडतो, आणि त्यानंतर कोणी कोणाला काही म्हणायचं नाही. अक्षर न शिकलेल्या माणसांची चिठ्ठीच ती. पहिला हात मात्र कायम धाकट्याचा. थोरल्यानं वाटे पाडले, तर धाकट्यानं आधी उचलावं, असा तो जुना न्याय.

हिंगोलीचा नवा जिल्हा झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोतीबाईची आणि तिच्या दिराची, उत्तमसिंगची, वाटणी निघाली. मोतीबाईचा नवरा हरसिंग जाऊन तीन वर्षं झाली होती. शेत आठ एकर. चार एकर ओढ्याकाठचं, काळंभोर, विहिरीचं. चार एकर वरच्या अंगाला, बरड. तिथं कुदळ मारली तर ठिणगी उडावी.

मोतीबाईचं सगळं त्या विहिरीपाशी अडलं होतं. विहिरीचा वाटा आला तर हळद लावता येणार होती, तांड्यातच राहता येणार होतं, आणि तिची लेक शितल नाक्यावरच्या शाळेत नववीला बसणार होती. बरड आली तर दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक. आणि ऊसतोडीत एकट्या बाईचा कोयता धरत नाहीत. कोयता म्हणजे जोडी. हरसिंग होता तेव्हा ती दोघं मिळून एक कोयता होती. आता दुसरा अर्धा कोयता शितलला व्हावं लागलं असतं. चौदा वर्षांचं लेकरू, वह्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालणारं.

मोतीबाई येशूची होती. हरसिंग काविळीनं अंथरुणाला खिळला, तेव्हा हिंगोलीचे सोनाजी पास्टर सायकलवर आले आणि आठ दिवस त्याच्या उशाशी बसले. हरसिंग काही वाचला नाही. पण ते आठ दिवस कोणीतरी बसलं होतं, हे मोतीबाई विसरली नाही. तेव्हापासून दर गुरुवारी पास्टर यायचे, चहा प्यायचे, प्रार्थना करायचे. त्यांनी एक बायबल देऊन ठेवलं होतं; मोतीबाईला वाचता येत नसे, म्हणून संध्याकाळच्या दिव्याला शितल ते मोठ्यानं वाचायची. भिंत एकच, पलीकडं उत्तमसिंगचं घर. त्यालाही ऐकू जायचं. सकाळी तो दात घासता घासता विचारायचा, "भोजाई, काय झालं मंग त्या पोराचं? हिरीतून काढलं का न्हाई?"

ते पोरगं म्हणजे योसेफ. भावांनी त्याचा अंगरखा काढून घेतला, त्याला कोरड्या विहिरीत ढकललं, आणि वाटेनं चाललेल्या व्यापाऱ्यांना विकून टाकलं. तोच पुढं मिसर देशाचा कारभारी झाला आणि दुष्काळात त्याच भावांना त्यानं धान्य घातलं. भाऊ भीतीनं कापायला लागले, तर त्यानं म्हटलं, तुम्ही वाइटाच्या मनानं केलंत, देवानं ते भल्याकडं वळवलं. हे ऐकताना मोतीबाईचे डोळे दर वेळी भरून यायचे. वाटणीच्या आदल्या दिवशीही ती हेच बोलली होती, "देवा, मी हात घालणार न्हाई. पहिला हात उत्तमचा हाय. तू ठरीव. तू ठरवशील ते माझं."

सकाळी भावसिंग नायकाच्या ओट्यावर माणसं जमली. गोळे जनकाबाईनं वळले. जनकाबाई पंचाहत्तरीची, डोळ्यांत फूल पडलेलं, पण हात अजून नेटका. उत्तमसिंगची आई त्याला मागं ठेवून गेली, तेव्हा हिनंच त्याला आपल्या पोरांबरोबर वाढवलेलं; तो तिला याडी, म्हणजे आईच म्हणायचा. बोलून ठेवलं होतं तसं : हरभरा म्हणजे विहीर, ज्वारी म्हणजे बरड.

उत्तमसिंगनं बाही वर सारली आणि तो पुढं झाला. तेवढ्यात नायक म्हणाला, "थांब."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"हरसिंग असता तर तुझाच हात पहिला होता," नायक म्हणाला. "पण थोरला न्हाई. त्याची जागा रिकामी हाय. रिकाम्या जागेला आधी इचारावं. मोतीबाई, तू घाल हात."

"असं कधी झालं न्हाई, नायक!" उत्तमसिंगचा आवाज चिरकला.

"मंग आज झालं. बस खाली."

मोतीबाई उठली. तिनं डोक्यावरची फडकी सावरली, आणि मडक्यात हात घातला. माती गार होती. एक गोळा गुळगुळीत, नुकत्या सारवलेल्या भिंतीसारखा. तिनं दुसरा चाचपला. आणि तिच्या तर्जनीला काहीतरी टोचलं.

बारीक टोक. एवढंसं.

जन्मभर हरभरा सोलणाऱ्या बाईच्या बोटाला ते काय ते सांगावं लागत नाही. ज्वारीचा दाणा गोल असतो. चोच असते ती हरभऱ्याला. दाणा मातीच्या अगदी कडेला आला होता, आणि त्याची चोच बाहेर.

ओट्यावर कोणीतरी खोकलं. मोतीबाईचा हात मडक्यात तसाच. तिला वाटलं, आपण आपल्यालाच वरून बघून राहिलो आहोत. देवा, तू ठरीव म्हटलं होतं. हे तूच ठरवलंस का? हा तुझाच इशारा का? का तू मला बघून राहिलास, मी काय करते ते? गुळगुळीत गोळा बोटांच्या दुसऱ्या बाजूला होता. तो उचलला तर कोणालाच काही कळणार नव्हतं, देवाशिवाय. हा उचलला तरी कोणालाच काही कळणार नव्हतं, देवाशिवाय. तिनं हात सैल सोडला. म्हटलं, जो येईल तो येऊ दे. मग हातात काय आलं ते तिला कळलं, पण ते आपण धरलं की ते आपल्याला येऊन बिलगलं, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही नाही.

परातीतलं पाणी गढूळ झालं, मग हळूहळू निवळलं. तळाशी हरभरा.

"मोतीबाईचा येशू पावला बरं!" कोणीतरी हसलं. बायांनी तिच्या पाठीवर हात ठेवले. शितल शेजारच्या पोरींना धरून नाचायला लागली. उत्तमसिंग परातीकडं बघत राहिला, जशी म्हैस खड्ड्याकडं बघते.

चौथ्या दिवशी जनकाबाई काठी टेकत मोतीबाईच्या दारात आली आणि उंबऱ्यावर बसली. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"तू कशी उचलली ती?" तिनं विचारलं.

"कोणती?"

"येडी बनू नको. चोचीची. ती उत्तमसाठी होती."

मोतीबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

म्हातारी बोलतच राहिली. "पोरगं येऊन माझ्या पायाशी बसलं. म्हणे, याडी, बरडीवर माझं लेकरू उपाशी मरंल. मी ज्याला दूध पाजलं, त्याला न्हाई म्हणू? हरभरा कडेला ठेवला. हात त्याचाच पहिला व्हता ना. त्या भावसिंगाला कुठून बुद्धी झाली काय ठाव! पंचाहत्तर वर्षांत एकदा लबाडी केली, ती बी पराव्याच्या पदरात पडली." आणि काठी आपटून ती उठली. "कोणाला सांगशील तर तुझी जीभ झडंल. माझी तर झडून गेलीच हाय."

ती गेली, आणि मोतीबाई तिथंच उंबऱ्यावर बसली. आधी तिला हसू आलं. मग अंगावर काटा आला. हा तर योसेफच! उत्तमनं वाइटाच्या मनानं केलं, देवानं भल्याकडं वळवलं. नायकाच्या तोंडून भलतंच बोलणं काढलं, आणि विहीर शितलच्या ओटीत टाकली. किती सरळ! ती दोन दिवस त्या आनंदात होती. तिसऱ्या दिवशी शेतातली धसकटं वेचताना बोटात सराटा गेला, आणि तिला ती चोच आठवली. योसेफाला विहिरीत टाकताना योसेफाला काही माहीत नव्हतं. मला तर माहीत होतं.

गुरुवारी सोनाजी पास्टर आले. मोतीबाईनं त्यांना सगळं सांगितलं. जनकाबाईचं नाव तेवढं गाळलं. पास्टर ऐकता ऐकता खुलले. "पाहा, मोतीबाई! वचनातच हाय, ओटीत चिठ्ठ्या माणूस टाकतो, निकाल वरून येतो. हे पुढच्या रविवारी मंडळीत सांगा तुमी."

"पण पास्टर, माझ्या बोटाला चोच लागली होती."

"म्हंजे?"

"म्हंजे मला कळलं व्हतं. अन् मी तीच उचलली."

पास्टरांच्या बशीतल्या चहावर साय धरली. त्यांनी पुस्तक उघडलं, पानं चाळली, मिसरच्या राजाचं काहीतरी सांगायला लागले, की देवानंच त्याचं मन कठीण केलं आणि दंडही त्यालाच झाला. मधेच थांबले. पुस्तक मिटलं.

"दोन्ही खरं हाय," ते म्हणाले. "देवानं ठरवलं ते बी खरं. तुमी केलं ते बी तुमचंच."

"एका गोळ्यात दोन दाणे कसे, पास्टर?"

"तेच तर मला बी पंधरा वर्षं झाली, कळून न्हाई राहिलं." त्यांनी सायीसकट चहा पिऊन टाकला. "परत करावं वाटतं का तुमाला?"

मोतीबाईनं दाराबाहेर बघितलं. शितल अंगणात पाय पसरून नववीच्या पुस्तकांना कव्हरं घालत होती. "तेच तर," ती म्हणाली. "देवानं दिलेलं परत केलं तर त्याचा अपमान. मी चोरलेलं ठेवलं तर बी त्याचाच. काय करू?"

पास्टरांनी डोळे मिटून प्रार्थना केली. प्रार्थना लांब झाली, पण तिच्यात उत्तर नव्हतं, आणि ते दोघांनाही कळलं.

मग ती नायकाकडं गेली. नायक बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. तिनं आडून विचारलं, "नायक, त्या दिवशी तुमी माझा हात पहिला का केला?"

"काहून? कोणी काही बोललं का?"

"न्हाई. सहज."

नायकानं तेलाचा हात धोतराला पुसला. "खरं सांगू का मोतीबाई? ओट्यावर बसेपर्यंत माझ्या मनात असं काही नव्हतं. तोंडातून निघालं. आता तांड्यासमोर निघालं म्हटल्यावर गिळता येतंय का?"

मृग बरसला. हळद लागली. श्रावणात तिचे कोंब हिरव्या नळ्यांसारखे वर आले, आणि उघडीप पडली तेव्हा मोतीबाई विहिरीचं पाणी पाटानं सोडून उभी राहू लागली. ओव्या ती पूर्वी कनेरगावच्या व्यंकटरावांच्या शेतात खुरपायला जायची, तेव्हा तिथल्या बायांकडून शिकली होती. आता पाटाच्या कडेला उभी राहून स्वतःच जोडायची :

पानी जातं पाटानं, पाट जातो शेताला
कोणी वळविलं बाई, ठावं न्हाई पान्याला

वरच्या बरडीवर उत्तमसिंगचं सोयाबीन गुडघ्यालाही आलं नाही. तो तिच्याशी बोलत नव्हता. सकाळी भिंतीपलीकडून योसेफाची चौकशी बंद झाली होती. भादव्यात एका दुपारी तो बैलाला पाणी पाजायला विहिरीवर आला. तशी वाट दोघांची होती. मोतीबाईनं खुरपं खाली ठेवलं.

"उत्तम, मला ठावं व्हतं."

"काय?"

"चोच. बोटाला लागली व्हती."

त्यानं बैलाचा दोर सोडला. तिच्याकडं बघितलं. आणि अचानक तो हसायला लागला, असा की बैल बिचकला. "घ्या! म्हंजे दोघं बी चोर! अन् मी चार महिने तुझ्या देवाला भिऊन राहिलो!"

"त्यानंच फिरवलं असंल रे. त्या योसेफाच्या भावांसारखं..."

"व्हय का? मी वाईट केलं म्हणून तुझं भलं झालं. मंग माझे उपकार मान की, भोजाई! एक पातेलं खीर तरी धाड." मग हसू उतरलं. "अन् तुझ्या देवाला माझ्याच हातून वाईट करून घ्यायचं व्हतं, तर बरड माझ्या लेकराला काहून? गुन्हा कोणाचा, अन् उपाशी कोण?"

 मोतीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पुन्हा गोळे टाकू. नायकाला सांगू."

"काय सांगशील? जनकायाडीचं नाव घेशील? मरायला टेकलेल्या म्हातारीवर तांड्याला थुंकायला लावशील?" त्यानं बैल वळवला. "माती एकदा विरघळली, भोजाई. तिचा पुन्हा गोळा होत न्हाई."

दिवाळी झाली. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी मुकादम माणिकरावचा ट्रक पांदणीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. कनेरगावची एक जोडी ऐनवेळी आजारी पडली होती, एक कोयता कमी होता. उत्तमसिंग आणि त्याची बायको शिला त्या बदलीवर चालली होती. पाच वर्षांचा विकासही. त्याला मागं ठेवायला कोणी नव्हतं. म्हणजे कोणी होतं, भिंतीपलीकडं. पण शिलानं तोंड उघडून मागितलं नाही, आणि मोतीबाईनं तोंड उघडून म्हटलं नाही.

मोतीबाई हळदीत होती. ट्रकचा आवाज तिनं ऐकला. तिनं ठरवलं, जायचं नाही. जाऊन काय करणार? तिनं खाली वाकून एक गवताची काडी उपटली. मग दुसरी. आणि मग ती पांदणीवर होती, पायांना चिखल, हात हिरवे, आणि धावत होती. वाटेत कुठंही तिनं जायचं ठरवल्याचं तिला आठवत नव्हतं.

ट्रकच्या पाठीमागं बोचकी चढत होती : भगुली, गोधड्या, पिठाचा डबा. शिला खाली उभी होती, विकास तिच्या कडेवर. उत्तमसिंग वर चढला होता, पोत्यात गुंडाळलेला कोयता मांडीला टेकवून.

"उत्तम," मोतीबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "उतर खाली."

"काहून?"

"वाटणी मोडू. दोन्ही वाटे मिळून करू, हरसिंग व्हता तेव्हावानी. हळद अर्धी तुझी."

ट्रकमधल्या बाया माना वळवून बघायला लागल्या. माणिकरावनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "ए बाई, काय तमाशा लावला? मला परभणी गाठायची हाय."

"नायकाला काय सांगशील?" उत्तमसिंगनं वरूनच विचारलं. "वाटणी अशी मोडत न्हाई तांड्यात."

"माझं मी सांगीन. माझ्या बोटाचं सांगीन. दुसऱ्या कोणाचं नाव घेणार न्हाई."

उत्तमसिंग जरा पुढं वाकला. आवाज खाली आला, पण टोक तसंच. "भोजाई, एक सांग. हे तू बोलून राहिली का तुझा देव बोलून राहिला? आधी ते सांग, मंग उतरतो. त्याचा काय भरोसा? उद्या पुन्हा कोणाच्या तोंडातून काही काढंल अन् मी पुन्हा बरडीवर."

मोतीबाईनं तोंड उघडलं. किती महिने ती हाच प्रश्न घेऊन हिंडत होती, पास्टरकडं, नायकाकडं, पाटाच्या कडेनं. आता उत्तर येईल असं तिला वाटलं. ती थांबली. ट्रकचं इंजिन थरथरत होतं. आतून काहीच आलं नाही, होही नाही, नाहीही नाही.

"मला न्हाई माहीत, उत्तम," ती म्हणाली. "खरंच न्हाई माहीत. तू उतर."

शिलानं तिच्याकडं बघितलं. मग तिनं विकासला कडेवरून काढलं आणि मोतीबाईच्या कडेवर दिलं. लेकरानं मोतीबाईच्या हिरव्या हाताचा वास घेतला आणि नाक मुरडलं. शिला ट्रककडं वळली आणि पिठाचा डबा खाली ओढायला लागली.

"अगं ए!" उत्तमसिंग ओरडला. "मी कुठं व्हय म्हटलं?"

"डबा धरा खालून," शिला मोतीबाईला म्हणाली. "झाकण सैल हाय."

माणिकराव तडकला. "ए उत्तमसिंग, तुझं तू काय ते बोल लवकर! उतरतोस का बसतोस?"

उत्तमसिंगनं मुकादमाकडं बघितलं, मग खाली गोधड्या ओढणाऱ्या बायकोकडं, मग भोजाईच्या कडेवर बसून आपल्याकडं बोट दाखवणाऱ्या पोराकडं.

"मला काय इचारता?" तो म्हणाला. "माझं कोणी इचारलंय का अजून?"

आणि त्यानं कोयत्याचं पोतं आधी खाली टाकलं, मग त्याच्यामागं स्वतः.